वळणावर बल देतं कोण?

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण वर्तुळाकार गतीचं. वर्ग सुरू झाल्यावर आठवडाभरात मुलांचं सूत्र पाठ होतं: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या. मग त्यांना सपाट रस्त्यावर वळणाऱ्या मोटारीची आकृती काढून तिच्यावरची बलं दाखवायला सांगावं. वजन खाली, रस्त्याची प्रतिक्रिया वर, टायरचं घर्षण आतल्या बाजूला. इथवर ठीक. पण काही वह्यांत हमखास आणखी एक बाण उमटतो: ‘अभिकेंद्री बल’. काही मुलं तर त्याच्या उलट दिशेला ‘अपकेंद्री बल’ही काढतात आणि दोन्ही समान म्हणून सोडून देतात. हिशेब जुळला असं त्यांना वाटतं. पण सगळी बलं एकमेकांना खोडून काढत असतील, तर ती मोटार वळणार कशी? ती सरळ दरीत जाईल.

अभिकेंद्री बल हे एक पद आहे आणि त्या पदावर दर ठिकाणी निराळा उमेदवार बसतो. गोफणीत ते काम दोरीचा ताण करतो, चंद्राच्या बाबतीत पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण. जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’मध्ये लाकडी भिंतीचा रेटा मोटारसायकलला केंद्राकडे ढकलतो आणि तिचं वजन पेलतं ते घर्षण. कपडे पिळणाऱ्या यंत्रात ड्रमची भिंत कपड्यांना वळवते. पाण्याच्या थेंबाला मात्र भोकापाशी वळवणारं कुणी उरत नाही, म्हणून तो सरळ रेषेत निघून जातो. त्याला कुणी बाहेर फेकत नाही. माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणाऱ्या शेतकऱ्याला हे हाताने कळलेलं असतं: दोरी सुटली की गोटा त्या क्षणाच्या दिशेनेच जातो, स्पर्शरेषेवर.

मुलांची ही चूक क्षुल्लक नाही, आणि लाजिरवाणी तर नाहीच. 1659मध्ये ख्रिस्तियान हायगेन्सने या गतीचं गणित मांडलं तेव्हा त्याने नाव दिलं ते बाहेर ओढणाऱ्या अपकेंद्री बलालाच. तरुण न्यूटनही सुरुवातीला तसाच विचार करत होता. 1679च्या सुमारास रॉबर्ट हूकशी झालेल्या पत्रव्यवहारानंतर त्याचं लक्ष आत खेचणाऱ्या बलाकडे वळलं, आणि ‘अभिकेंद्री’ हा शब्द न्यूटनने घडवला तो हायगेन्सच्या शब्दासमोर ठेवूनच. जे समजायला न्यूटनला वर्षं लागली, ते आपल्याकडे दोन तासिकांत आटोपतं.

बसमध्ये वळणावर माणूस बाहेरच्या बाजूला कलंडतो, ते खोटं कसं म्हणायचं? खोटं नाहीच. बसमध्ये बसूनच हिशेब करायचा असेल तर अपकेंद्री बल घ्यावं लागतं, अभियंते ते बिनदिक्कत घेतात. अट एकच: एक पाय बसमध्ये आणि एक रस्त्यावर ठेवून गणित करायचं नाही.

आकृती नीट काढली की गणित काय सांगतं, ते घाटात पाहावं. 30 मीटर त्रिज्येचं सपाट वळण आहे आणि पावसात टायर व रस्ता यांच्यातला घर्षणगुणांक 0.4 उरला आहे, असं समजा. घर्षण जास्तीत जास्त जेवढं बल देऊ शकेल त्यावरून वेगमर्यादा निघते ताशी सुमारे 39 किलोमीटर. कोरड्या रस्त्यावर गुणांक 0.7 धरला तर सुमारे 52. ताशी 30ऐवजी 60 वेगाने वळायचं तर दुप्पट नाही, चौपट घर्षण लागतं, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. या गणितात वस्तुमान दोन्हीकडून उडून जातं. म्हणजे ‘आपली गाडी जड आहे, रस्ता धरून राहील’ हा समज घसरण्यापुरता तरी निराधार ठरतो. उलटण्याचं गणित वेगळं. तिथे वजनापेक्षा ते किती उंचावर आहे याला महत्त्व, म्हणून टपावर सामान रचलेली गाडी घसरण्याआधीच कलंडू शकते.

एवढा ऐवज ज्या प्रकरणात आहे, त्याची परीक्षा कशी होते? राज्याच्या सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात. प्रश्नामागे मिनिटही येत नाही. मग शिकवण्या ‘आकृती काढत बसू नका, सूत्रात आकडे घाला’ असं शिकवतात, आणि त्या चौकटीत त्यांचं चूकही नाही. पण त्याच मुलाला दोरीला बांधलेली पाण्याची बादली उभ्या वर्तुळात फिरवायला लावली, तर सर्वांत वरच्या बिंदूवर कमीत कमी वेग शून्य चालेल असं तो सांगून मोकळा होतो. तिथे ताण शून्य होऊ शकतो, वेग नाही. 90 सेंटिमीटर त्रिज्येला तो सेकंदाला सुमारे 3 मीटर हवाच.

निदान बोर्डाच्या लेखी परीक्षेत तरी अशा गणितांचे अर्धे गुण आकृतीला द्यावेत: प्रत्येक बाणाशेजारी ते बल कोण देतं हे लिहायचं, आणि ज्या बाणाला देणारा सापडत नाही तो खोडायचा. तपासायला शिक्षकांना जास्त वेळ लागेल हे खरं. पण यातली बरीच मुलं वर्षभरात अठरा पूर्ण करून वाहन परवान्याच्या रांगेत उभी राहणार आहेत.