रद्द व्हिशाचा डाग

अमेरिकेच्या विद्यार्थी-व्हिशाच्या अर्जात एक प्रश्न असतो : आपला व्हिसा पूर्वी कधी रद्द झाला आहे काय? उत्तर 'होय' असेल तर खुलासा लिहावा लागतो. तो खुलासा कोणाला का पटला नाही, हे मात्र अर्जदारास बहुधा कळत नाही.

२०२५ साली ६,००० हून अधिक विद्यार्थ्यांचे व्हिसे रद्द केल्याचे अमेरिकन परराष्ट्र खात्याने सांगितले. त्यांतील बहुसंख्यांनी कायदा मोडला, असा खात्याचा दावा आहे. असेलही, मारहाण करणाऱ्याची वकिली करण्याचे आपणांस कारण नाही. परंतु त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी बंद करण्याचा जो सपाटा लावण्यात आला, त्यात किरकोळ वाहतूक-गुन्हे आणि केव्हाच निकालात निघालेली प्रकरणेही भोवली. तेथील वकिलांच्या संघटनेने गोळा केलेल्या ३२७ प्रकरणांत निम्मे विद्यार्थी भारतीय होते. न्यायालयांत दाद मागितल्यावर एप्रिलअखेर नोंदी पूर्ववत होऊ लागल्या. रद्द झालेले व्हिसे मात्र त्यामुळे आपोआप जिवंत झाले नाहीत.

अशा विद्यार्थ्याने पुन्हा अर्ज केला की कायदा त्यालाच पुरावा मागतो. शिक्षण संपताच आपण मायदेशी परतू, हे त्याने वकिलातीतील अधिकाऱ्यास पटवून द्यायचे. नकारावर अपील नाही. १८५ डॉलर भरून नवा अर्ज करावा, एवढीच मुभा. जुनी गोष्ट दडवली तर लबाडीच्या आरोपाखाली दार कायमचे बंद होऊ शकते. जमीन गहाण ठेवून मुलाला पाठविणाऱ्या कुटुंबास या अनिश्चिततेचा भार जितका पडतो, तितका धनिकास पडत नाही.

ही रीत नवी नाही. बेल्जियन मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञ अर्नेस्ट मँडेल यांना १९६९ साली व्याख्यानांसाठी प्रवेश नाकारताना, १९६८ च्या भेटीत त्यांनी ठरलेल्या मर्यादा ओलांडल्या, असे कारण पुढे करण्यात आले. त्या मर्यादा त्यांना कळविल्याच नसाव्यात, हे पुढे सरकारलाच मान्य करावे लागले! तरीही १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. तो विद्यार्थी-व्हिसा नव्हता, हे खरे. पण जुन्या नोंदीचा आधार घेऊन नवे दार लावण्याची युक्ती तीच.

परकीयास प्रवेशाचा हक्क नसतो, असा आक्षेप येईल. तो मान्य करूनही प्रश्न उरतो : कारण न सांगता ठेवलेला ठपका पुढील प्रत्येक अर्जावर का मोजावा? आपल्याकडे १९७७ साली मेनका गांधींचे पारपत्र कारणे न देता जप्त करणारे सरकार जनता पक्षाचे होते, आणि त्यात समाजवादीही मंत्री होते. पारपत्र व व्हिसा एक नव्हेत. परंतु बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्याच प्रकरणात ठणकावून सांगितले. भारत सरकारने अमेरिकेशी बोलताना नेमका हाच आग्रह धरावा : ज्यांच्या नोंदी पूर्ववत झाल्या, त्यांचे रद्द झालेले व्हिसे पुढील अर्जात त्यांच्याविरुद्ध धरू नयेत आणि नकाराचे कारण लेखी द्यावे. दरम्यान कार्यकर्त्यांकडे असा विद्यार्थी आला, तर त्याला खरे तेच लिहावयास सांगावे आणि खटला निकालात निघाल्याचा न्यायालयाचा कागद सोबत ठेवावयास लावावे.