विकत घेतलेली वस्तू आपल्या ताब्यात ठेवा

घरोघरी सध्या त्याच त्या तक्रारी ऐकू येतात. कॉम्प्युटर नीट चालतो आहे, पण 'आता नवीन घ्या' असं तोच पडद्यावर सांगतो. प्रिंटरमध्ये काळी शाई शिल्लक आहे, पण साधं काळं पान तो छापून देत नाही. पंधरा वर्षांपूर्वी टाइप करून घेतलेली फाइल सापडते, पण उघडली तर एक अक्षर वाचता येत नाही. अशा वेळी बहुतेक माणसं स्वतःलाच दोष देतात. 'मला यातलं काही कळत नाही हो,' असं म्हणून मुलाला नाहीतर शेजाऱ्याला हाक मारतात.

माझं पहिलं सांगणं असं, की हा दोष आपल्या माथी घेऊ नका. यातल्या कित्येक अडचणी वस्तू बनवणाऱ्यांनी ठरवून घातलेल्या अटींमुळे येतात. ती अट कोणती हे एकदा कळलं की वाट काढता येते आणि पुढची खरेदी डोळसपणे करता येते.

कॉम्प्युटरपासून सुरुवात करू. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० बाजारात आणलं ते जुलै २०१५ मध्ये आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नेहमीचा आधार थांबवला. पुढच्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. इंटेलचे साधारण २०१७ च्या आधीचे प्रोसेसर त्या यादीत बसत नाहीत. त्यामुळे पत्रव्यवहार, इंटरनेट, मुलांचा अभ्यास, दुकानाचा हिशोब ही सगळी कामं बिनबोभाट करणारी लाखो यंत्रं एका तारखेनंतर जुनी ठरली. पण ती बंद पडलेली नाहीत. आधार थांबला म्हणजे सुरक्षेची नवी अपडेट येणं थांबलं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून घाबरून कर्ज काढू नका, आणि त्याच यंत्रावर निर्धास्तपणे बँकेचे व्यवहारही करत राहू नका.

मधला मार्ग आहे. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सुरक्षा अपडेट मिळवण्याची सोय कंपनीने ठेवली आहे. त्यासाठी सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करावी लागते. दुसरा मार्ग लिनक्सचा. लिनक्स मिंटसारखी प्रणाली फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते आणि पेन ड्राइव्हवरून सुरू करून आधी नुसती बघताही येते. तेवढ्याने आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. कॉम्प्युटर रखडत असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. नव्या यंत्राच्या मानाने फार थोड्या खर्चात तोच कॉम्प्युटर चपळ होतो. मात्र ज्यांचा धंदा टॅलीवर किंवा डिजिटल सहीच्या टोकनवर चालतो, त्यांनी आपलं काम नव्या प्रणालीवर होतं की नाही हे तपासल्याशिवाय काही बदलू नये. आणि कोणताही बदल करण्याआधी सगळ्या फाइल्सची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी.

प्रिंटरचं गणित वेगळं आहे. अनेक कंपन्या प्रिंटर स्वस्तात विकतात आणि कमाई कार्ट्रिजवर करतात. कार्ट्रिजवर एक छोटी चिप असते. ती आपल्या कंपनीची आहे की नाही आणि शाई किती उरली, हे प्रिंटर तिला विचारतो. शाळेच्या दाखल्याची एक काळी प्रत हवी असते, आणि पडद्यावर मात्र 'निळी शाई संपली' असा संदेश येऊन काम अडतं. काळी शाई आत असून उपयोग नसतो, कारण काही प्रिंटरना एक रंग संपला की बाकीचं कामही थांबवायला शिकवलेलं असतं.

सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरनी इतर कंपन्यांची, कालपर्यंत चालणारी कार्ट्रिज अचानक नाकारली. प्रिंटरमधल्या सॉफ्टवेअरमध्येच तशी तजवीज आधी करून ठेवलेली होती. ग्राहकांचा संताप झाला, तेव्हा कंपनीने आधी नीट कल्पना न दिल्याबद्दल माफी मागितली आणि ती अट काढून टाकणारं सॉफ्टवेअर देऊ केलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क कंपनीच्या कार्ट्रिजच्या खटल्यात निकाल दिला, की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. मग ग्राहकाने ती पुन्हा भरून घेतली म्हणून कंपनीला पेटंटच्या नावाने अडवता येत नाही. पेटंटची वाट बंद झाली, पण चिपची वाट मोकळीच राहिली.

तेव्हा प्रिंटर घेताना दुकानदाराला नुसती किंमत विचारू नका. एका पानाला खर्च किती येतो, बाटलीतली शाई भरता येते का, टोनर रिफिल करून मिळतो का, इंटरनेट नसताना प्रिंटर चालतो का, हे विचारा. कमी छपाई असेल तर प्रिंटर न घेता कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाणंच परवडतं.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते तिच्याकडे येतो. ती म्हणजे आपलं मराठी लिखाण. नव्वदच्या दशकापासून महाराष्ट्रात मराठी टायपिंग आणि डीटीपीचं काम मोठ्या प्रमाणावर झालं. त्यात सी-डॅक, श्रीलिपी यांच्या फाँटनी मोठी सेवा केली, हे कृतज्ञतेने सांगायला हवं. त्यांच्यामुळेच गावोगावी लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल छापले गेले. पण या जुन्या फाँटची रचना अशी होती, की फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलंच जात नसे. साठवला जाई तो एखाद्या रोमन अक्षराचा क्रमांक, आणि त्या जागी देवनागरी आकार काढण्याचं काम फाँट करी. प्रत्येक कंपनीचे क्रमांक वेगळे. कुठे सॉफ्टवेअर चालवायला डोंगल लागे. डोंगल हरवलं, कॉम्प्युटर बदलला, फाँट गेला, की फाइलमध्ये उरतात ती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं डोक्यावर घेतलेली परकी चिन्हं.

अशी फाइल जवळून पाहा. समजा, वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका आहे. कागदावर ती सुरेख दिसते. पण तिच्यात 'देशमुख' हे नाव शोधा, सापडत नाही. सभासदांची यादी अकारविल्हे लावायला सांगा, भलत्याच क्रमाने लागते. एक परिच्छेद उचलून व्हॉट्सॲपवर टाका, समोरच्याला काही वाचता येत नाही. अंध वाचकाला मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथे मुकं होतं. पीडीएफ करून ठेवली तरी ती डोळ्यांना दिसते, पण शोध आणि कॉपी करायला गेलं की तीच रड.

याला उत्तर आहे आणि ते जुनंच आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. युनिकोडमध्ये 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो. फाँट कोणताही असो, कॉम्प्युटर कोणत्याही कंपनीचा असो, मजकूर वाचता येतो. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये, लिनक्समध्ये आधीपासून दिलेला असतो. तो विकत घ्यावा लागत नाही. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेले मुक्त आणि बलू यांच्यासारखे देखणे युनिकोड फाँट मोफत मिळतात आणि छपाईत बिनधास्त वापरता येतात.

म्हणून प्रत्येक वाचनालयाला, शाळेला, गृहनिर्माण संस्थेला, सार्वजनिक मंडळाला आणि घरी आईवडिलांचं लिखाण सांभाळून ठेवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: जुन्या फाँटमधल्या फाइल्स शोधून काढा आणि युनिकोडमध्ये आणा. बदल करून देणारे कन्व्हर्टर उपलब्ध आहेत. आधी फाँटचं नेमकं नाव लिहून घ्या, कारण कन्व्हर्टर त्यावरच अवलंबून असतो. मूळ फाइल जपून ठेवा आणि काम प्रतीवर करा. बदललेला मजकूर माणसाने एकदा वाचलाच पाहिजे. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप होई. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा आहे. म्हणून 'किल्ला', 'कार्य', 'वर्षी' अशा शब्दांत घोटाळा उरतो. तिथे डोळे जास्त लावा. ज्यांनी तो मजकूर मूळ टाइप केला, ती माणसं अजून कामात आहेत तोवर हे करून घ्या. कुठला फाँट वापरला होता हे त्यांनाच आठवत असतं.

डीटीपी करणाऱ्या मित्रांनाही सांगणं आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे आणि तिला युनिकोड कळत नाही. हातात बसलेलं काम सोडणं कठीण असतं, हे मान्य. पण निदान नवं काम युनिकोडमध्ये घ्या आणि गिऱ्हाइकाला छापील प्रतीबरोबर मजकुराची युनिकोड फाइलही द्या. गिऱ्हाइकांनीही ती मागून घ्यावी. मजकूर त्यांचा आहे.

हाच नियम बाकी कागदपत्रांना लावा. पत्रं, हिशोब, याद्या अशा स्वरूपात ठेवा, की त्या एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवाचून अडणार नाहीत. लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर ज्या ओडीएफ स्वरूपात फाइल साठवतं, ते २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. तेच सॉफ्टवेअर वर्डच्या फाइलीही उघडतं. किचकट मांडणीच्या फाइलीत थोडं इकडंतिकडं होतं, पण घरच्या आणि संस्थेच्या नेहमीच्या कामाला ते पुरतं. वर्षाला पैसे भरायचं सॉफ्टवेअर घेण्याआधी एक महिना हे वापरून बघा.

दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवलेल्या वस्तूंबद्दलही सावध असा. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली, कारण ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि विकलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. दोन्ही वेळा पैसे परत मिळाले, पुस्तक मात्र गेलं. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण थांबवली. या कंपन्या उद्या बुडतील असं मी म्हणत नाही. त्यांच्या अटी त्या बदलू शकतात आणि आपण बदलू शकत नाही, एवढंच लक्षात ठेवा. गूगल टेकआउटसारख्या सोयीने आपले फोटो आणि कागद वर्षातून एकदा उतरवून घ्या आणि दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा.

राहिली तक्रार. 'तक्रार करून काय होणार?' असं म्हणून आपण गप्प बसतो आणि त्याचा फायदा दुसऱ्याला होतो. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे १३ प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केली. वर्गणी सुरू करणं सोपं आणि बंद करणं अवघड ठेवायचं, मोफत चाचणीच्या नावाखाली कार्डाची माहिती घ्यायची, आपण न निवडलेली वस्तू बिलात घुसवायची, हे सगळं त्यात येतं. ठरावीक तारखेला आपोआप पैसे कापण्याआधी २४ तास सूचना मिळाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा विभाग आज उघडा आणि नको असलेल्या वर्गण्या तिथून बंद करा.

दुरुस्तीसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर हे पोर्टल सुरू केलं. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं, वाहनं आणि शेतीची अवजारं असे चार विभाग त्यात आहेत. सुटे भाग आणि सेवा केंद्रांची माहिती तिथे पाहता येते. 'दुरुस्त होत नाही, नवीनच घ्या,' असं उत्तर मिळालं तर ते लेखी मागा. बिल, वॉरंटीचा कागद आणि पडद्यावरच्या संदेशाचा फोटो जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही.

खरेदीच्या वेळी, पैसे देण्याआधी, दुकानदाराला तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. ही वस्तू बिघडली तर कोपऱ्यावरचा कारागीर ती उघडून दुरुस्त करू शकेल का? कंपनीने अपडेट किती वर्षं देण्याचं कबूल केलं आहे? आणि उद्या ही सोडून दुसरी घेतली, तर माझं काम, माझे फोटो, माझे आकडे मला बरोबर नेता येतील का? उत्तरं स्पष्ट मिळाली नाहीत तर दुसरं दुकान, दुसरी कंपनी बघा. एकट्याने विचारलं तर दुकानदार हसेल कदाचित. गावातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने विचारलं तर त्याला उत्तर तयार ठेवावं लागेल आणि तोच प्रश्न तो कंपनीला विचारेल.

या रविवारी एवढं करा: घरातली किंवा संस्थेतली जुन्या फाँटमधली एक फाइल युनिकोडमध्ये आणा आणि एक नको असलेली वर्गणी बंद करा. बाकीचं त्यानंतर आपोआप सुचत जाईल.