पहिल्या दिवशी कन्सोल घेऊ नका

नवा गेम कन्सोल बाजारात येतो त्याच दिवशी तो घेणं म्हणजे कंपनीच्या चाचणीचा खर्च आपल्या खिशातून भरणं. गेम मला मनापासून आवडतात, म्हणूनच ही लूट मला सहन होत नाही.

प्लेस्टेशन ५ आठवा. अमेरिकेत तो नोव्हेंबर २०२० मध्ये आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. किंमत ४९,९९० रुपये. आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपली आणि माल दाबून बसलेल्यांनी मागतील तो भाव घेतला. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्यांनी तो दिलाही. हाती काय आलं? ८२५ जीबी साठवणूक, त्यातली वापरता येणारी सुमारे ६६७. जास्तीची एसएसडी बसवायची सोय यंत्रात होती, पण सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपर्यंत ती बंदच होती. आणि खेळ? ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’, ‘ग्रान टुरिस्मो ७’, ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ हे सोनीचे मोठे खेळ आले २०२२ मध्ये, आणि तिन्ही जुन्या प्लेस्टेशन ४ वरही चालत होते. फक्त नव्या यंत्रावर चालणारे ‘डेमन्स सोल्स’, ‘रिटर्नल’ यांसारखे खेळ सुरुवातीला मोजकेच होते. त्यांच्यासाठी पन्नास हजार मोजायची घाई कुणाच्या फायद्याची होती?

यात नवीन काही नाही. एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये आला. यंत्रं बंद पडू लागली, बटणाभोवती लाल दिवे पेटू लागले. मायक्रोसॉफ्टने वॉरंटी तीन वर्षांची केली आणि दुरुस्तीसाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली ती जुलै २००७ मध्ये. तोवर दोष शोधायचं काम गिऱ्हाइकांनी पैसे देऊन केलं. निन्टेन्डोचा ३डीएस मार्च २०११ मध्ये अमेरिकेत सुमारे २५० डॉलरला विकला गेला आणि ऑगस्टमध्ये १७० वर आला. आधी घेणाऱ्यांना भरपाई म्हणून वीस जुने खेळ मिळाले, फरकाचे ऐंशी डॉलर नाहीत.

घाई करणारे म्हणतात, आता किमती उतरत नाहीत, वाढतात. वाढतात, हे खरं आहे. भारतात प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० वर गेला. पण तोच कन्सोल जुलै २०२३ च्या सवलतीत ४७,४९० ला मिळाला, म्हणजे पहिल्या दिवसापेक्षाही स्वस्त. थांबणाऱ्याला तोवर खुली झालेली एसएसडीची सोय मिळाली, पुरेसे खेळ मिळाले आणि काळ्या बाजारापुढे हात पसरावे लागले नाहीत. आणि सवलत हुकली, चार-पाच हजार जास्त गेले, तरी मी थांबाच म्हणेन. कारण पहिल्या दिवशी घेतलेल्या यंत्राचा दोष वर्षाची वॉरंटी संपायच्या आत बाहेर येईलच, याची हमी कुणीही देत नाही.

ज्याच्यासाठी घ्यायचा तो खेळ बाजारात आलाय का, तो आपल्याकडच्या जुन्या यंत्रावर चालतो का, दुरुस्ती आपल्या शहरात होते का, एवढं विचारा. उत्तरं समाधानकारक नसतील तर पैसे खिशात ठेवा. मुलाच्या वर्गात सगळ्यांनी घेतला, यूट्यूबवर कुणी खोका उघडून दाखवला, हप्ते सोपे आहेत, ही कारणं विकणाऱ्याची आहेत, खेळणाऱ्याची नाहीत.

अर्धवट माल पहिल्याच दिवशी हातोहात खपतो, तोवर कुठलीही कंपनी तो पुरा करून विकणार नाही. आपण सहा महिने थांबलो तर तिला ते करावंच लागेल.