अंगावरचा धातू, अंगातला धातू

एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी बाईला अंगावरचा सगळा धातू उतरवायला लावतात. मंगळसूत्र, जोडवी, कानातलं, केसांतल्या पिना, पदराची सेफ्टी पिन. ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या कुठल्याही स्कॅन सेंटरबाहेर अर्धा तास बसलात तर मंगळसूत्रावरून चाललेली घासाघीस कानावर पडेलच. सासू म्हणते, काळी पोत तरी राहू द्या. नवरा म्हणतो, सोनं माझ्याकडे दे. टेक्निशियन न कंटाळता सांगतो, की आत मोठं लोहचुंबक आहे, जिवाला धोका होईल. हे समजावणं योग्यच आहे. पण पुढे अनेकींच्या बाबतीत काय होतं? दंडाला पट्टी बांधून सुई टोचतात आणि त्याच बाईच्या शिरेत धातू सोडतात. त्याबद्दल तिला कोणी काही सांगत नाही. 'कॉन्ट्रास्ट लागेल, जास्तीचे पैसे भरा', इतकंच सांगितलं जातं, आणि तेही नवऱ्याला.

मैत्रिणींनो, विषय रसायनशास्त्राचा आहे म्हणून पान उलटू नका. मी समाजकार्य शिकलेली बाई आहे, रसायनशास्त्र नाही. पण गेली काही वर्षं बायकांबरोबर दवाखान्यांच्या पायऱ्या चढताना मला वाटू लागलं, की आपल्या शरीरात काय घालतात हे विचारायला पदवी लागत नाही. उत्तर समजून घ्यायला थोडी चिकाटी लागते, एवढंच.

या धातूचं नाव गॅडोलिनियम. शरीरातल्या पाण्याच्या कणांवर चुंबकाचा जो परिणाम होतो त्यावरून एमआरआयचं चित्र तयार होतं. गॅडोलिनियम जवळ असला की ते कण लवकर मूळ स्थितीवर येतात आणि तो भाग चित्रात उजळ दिसतो. मेंदूतली गाठ, क्षयाची सूज, स्तनातला संशयाचा भाग, हे त्यामुळे स्पष्ट कळतं. सगळ्याच एमआरआयना तो लागत नाही, पण लागतो तिथे त्याचा उपयोग खरा आहे. ५० किलो वजनाच्या बाईला नेहमीचं औषध साधारण १० मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे देतात. त्यात निव्वळ धातू पाऊण ग्रॅमच्या आसपास असतो.

अडचण अशी, की हा धातू मोकळा असेल तर विषारी असतो. त्याचा आकार कॅल्शियमच्या जवळपास असल्याने तो कॅल्शियमच्या जागी घुसतो आणि स्नायूंचं, नसांचं काम अडवतो. म्हणून रसायनशास्त्रज्ञ त्याला दुसऱ्या मोठ्या रेणूत जखडून ठेवतात. अशा बांधणीला 'कीलेट' म्हणतात. हा शब्द खेकड्याच्या नांगीवरून आला आहे. आपल्या खाडीतली चिंबोरी नांगीने बोट कसं पकडते हे कोळणींना विचारा. तशी पकड इथे धातूवर असते. धातूने चित्र उजळायचं, पण पकडीतून सुटायचं नाही, आणि काम झालं की दोघांनी मिळून लघवीवाटे बाहेर पडायचं. मूत्रपिंडं धड असतील तर बहुतेक औषध एका दिवसात निघून जातं.

आता ही पकड दोन तऱ्हेची असते. एक उघड्या साखळीची, म्हणजे मनगटाला दोरा गुंडाळावा तशी. एक टोक सैल झालं की दोरा सुटू लागतो. दुसरी बंद कड्याची. कडं अखंड असतं आणि धातू त्याच्या मधोमध अडकलेला असतो. तो बाहेर यायला फार कठीण जातं. पहिलं औषध १९८८ साली अमेरिकेत मान्य झालं ते साखळीचं होतं. बंद कड्याची नंतर आली. दोन्हींचं चित्र चांगलं येतं, दोन्ही पाण्यासारखी दिसतात. फरक आहे तो पकडीचा.

हा फरक जगाला रुग्णांच्या अंगावरून कळला. १९९७ सालापासून अमेरिकेत मूत्रपिंडं निकामी झालेल्या काही रुग्णांची कातडी जाड आणि कडक होताना दिसली. सांधे आखडून माणसं जागेवर खिळली, काही दगावली. कारण कळायला २००६ साल उजाडलं. ऑस्ट्रिया आणि डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की या रुग्णांना आधी गॅडोलिनियम दिलेलं होतं. कमकुवत मूत्रपिंडांमुळे औषध अंगात रेंगाळलं आणि सैल पकडीतून धातू सुटला. बहुतेक रुग्णांना साखळीचं औषध मिळालं होतं. नियम बदलल्यावर हा आजार जवळजवळ थांबला. २०१४ साली जपानी डॉक्टरांनी दाखवलं, की वारंवार औषध घेतलेल्यांच्या मेंदूत धातूच्या खुणा राहतात. बंद कड्याच्या औषधांत त्या पुष्कळ कमी आढळल्या. २०१७ साली युरोपच्या औषध संस्थेने शिरेतून द्यायची साखळीची बरीच औषधं थांबवली. यकृताच्या तपासणीची दोन तेवढी ठेवली. अमेरिकेने ती बंद केली नाहीत. मूत्रपिंडं चांगली असणाऱ्यांना मेंदूतल्या खुणांमुळे अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, असं तिथल्या संस्थेने म्हटलं. पण औषधाआधी रुग्णाच्या हातात सोप्या भाषेतला माहितीचा कागद द्यावा, असा नियम मात्र केला. वारंवार औषध घेणारे, गर्भवती स्त्रिया आणि मुलं यांच्याबाबत जास्त विचार करा, हेही तिने सांगितलं.

म्हणजे औषध द्यायचं की नाही, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. द्यायचं तर कोणतं द्यायचं, हाही प्रश्न आहे. आणि बाटली कोणती येणार हे खरेदी करणारा ठरवतो. जिच्या शिरेत ते जाणार तिला या निवडीची कल्पनाही नसते.

कल्याण पूर्वेला राहणाऱ्या, धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या एका बाईबरोबर मी काही महिने दवाखान्यात जात होते. मधुमेहाने मूत्रपिंडं खराब होऊन डायलिसिसची वेळ आली होती. डॉक्टरांनी विचारलं, मागे डोक्याचा एमआरआय झाला तेव्हा कॉन्ट्रास्ट कोणतं दिलं होतं? आम्ही घरी जाऊन प्लास्टिकच्या पिशवीतले सगळे कागद काढले. रिपोर्टात लिहिलं होतं, कॉन्ट्रास्ट दिलं. बिलात लिहिलं होतं, कॉन्ट्रास्ट, एक नग. औषधाचं नाव, मात्रा, काहीच नव्हतं. सुदैवाने तिला त्रास झाला नाही. पण जे अंगात गेलं त्याचं नावसुद्धा तिच्या मालकीचं नव्हतं, हे मला फार लागलं. भाजीवाल्याकडून घेतलेल्या कोथिंबिरीचाही आपण हिशोब ठेवतो.

हा प्रश्न बायकांना जास्त का भिडतो, तेही पाहू. औषधाआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात आणि आकडा 'नॉर्मलच्या आसपास' असला की पुढे जातात. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. कमी स्नायूंच्या, अशक्त, वयस्क बाईचा आकडा मुळात कमीच असतो. रिपोर्टवर १.२ हा आकडा आहे असं धरा. वय आणि लिंग धरून नेहमीच्या सूत्राने हिशोब केला तर ३० वर्षांच्या पुरुषाची मूत्रपिंडं सुमारे ८३ च्या क्षमतेने काम करतात असा अर्थ निघतो आणि ६० वर्षांच्या बाईची सुमारे ५२ च्या. ५२ ला औषध वर्ज्य नाही, खरा धोका ३० च्या खाली सुरू होतो. पण नुसत्या आकड्याने बाईची मूत्रपिंडं आहेत त्यापेक्षा ठणठणीत दिसतात, हे लक्षात ठेवा. मल्टिपल स्क्लेरॉसिससारखा आजार पुरुषांपेक्षा बायकांत दुपटीहून जास्त आढळतो. त्यात वर्षानुवर्षं एमआरआय होतात आणि औषधाच्या मात्रा साठत जातात.

आणखी एक. 'दिवस आहेत का?' हा प्रश्न कॉरिडॉरमध्ये, दिराच्या नाहीतर आईच्या देखत विचारला जातो. अविवाहित मुलगी तिथे काय उत्तर देणार? गॅडोलिनियम वारेतून गर्भापर्यंत पोचतं, म्हणून अगदी गरज असल्याशिवाय गरोदरपणी देत नाहीत. खरं उत्तर हवं असेल तर प्रश्न एकांतात विचारला पाहिजे. उलट अंगावर पाजणाऱ्या आईला 'दूध काढून टाका' असं सरसकट सांगतात. दुधात जाणारं प्रमाण इतकं नगण्य असतं, की पाजणं चालू ठेवायला हरकत नाही, असं अमेरिकेतल्या रेडिऑलॉजी डॉक्टरांची संघटना सांगते. म्हणजे जिथे सावध करायचं तिथे गप्प, आणि जिथे धीर द्यायचा तिथे घाबरवायचं!

हे सगळं ज्ञान परदेशातलं आहे, आपल्याला कसं कळणार, असं कोणी म्हणेल. पण धातूला जखडण्याची विद्या आपल्या दाराशी आहे. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, परळला १९६३ पासून रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, वाशीला १९८९ साली स्थापन झालेली 'ब्रिट' ही सरकारी संस्था आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या कितीतरी बायका पहाटेची लोकल पकडून हाडांच्या स्कॅनसाठी मुंबईला जातात. तिथे टेक्नेशियम नावाचा किरणोत्सारी धातू वापरतात. दर सहा तासांनी त्याचा जोर निम्मा होतो. या धातूला फॉस्फोनेटची जोड दिली की तो हाडांत जातो, दुसरी जोड दिली की हृदयात, तिसरी दिली की मूत्रपिंडात. जोड सुटली तर तो थायरॉइडकडे आणि जठराकडे भटकतो आणि चित्र बिघडतं. इथेही सगळा खेळ पकडीचाच. अशा जोडीची औषधं बनवण्यासाठीची किटं वाशीहून देशभर जातात. आपल्या कराच्या पैशावर उभं राहिलेलं हे ज्ञान बाईपर्यंत अर्धा पान मराठीत का पोचू नये?

गरोदर बाईच्या 'डबल मार्कर' तपासणीतही काही प्रयोगशाळा याच कुळातला युरोपियम धातू वापरतात. तिथे तो रक्ताच्या नमुन्यात मिसळतात, मग मुद्दाम आम्ल घालून त्याची पकड सोडवतात, दुसऱ्या पकडीत घेतात आणि तो लाल प्रकाश देतो. परीक्षानळीत पकड सुटली तर उजेड पडतो. शिरेत सुटली तर बाईच्या जिवाशी गाठ असते. म्हणूनच शिरेतल्या पकडीची खात्री मागण्याचा हक्क तिचा आहे.

अशा मागण्या आपल्या चळवळीला नव्या नाहीत. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनविरुद्ध १९८६ साली हैदराबादच्या स्त्रीशक्ती संघटनेने इतरांसह सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा मुद्दा हाच होता, की इंजेक्शनात काय आहे हे बाईला सांगितलं का? गर्भलिंग तपासणीविरुद्ध मुंबईतल्या गटांनी रान उठवलं आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. तेव्हा आपण यंत्राच्या वापराबद्दल प्रश्न विचारले. आता सुईबद्दल विचारू. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका बाईच्या खटल्यात स्पष्ट केलं, की सज्ञान स्त्रीच्या शरीराबद्दलची संमती तिच्या आईला देता येत नाही. मग नवऱ्याची सही कशी चालते?

डॉक्टर मंडळी म्हणतात, बायकांना घाबरवू नका, तपासणीच टाळतील. ही भीती खोटी नाही. गाठ असलेल्या बाईने एमआरआय टाळला तर होणारं नुकसान गॅडोलिनियमच्या धोक्यापेक्षा किती तरी मोठं आहे. तपासणी नाकारा असं मी कुठेच म्हणत नाही. पण डोंबिवलीची बाई इतकी भित्री नाही. एमआयडीसीच्या वासात तिने संसार केला आहे, २०२० साली गुलाबी झालेला रस्ता तुडवून ती कामाला गेली आहे. रसायनाचं नाव ऐकून ती पळणार नाही. तिला भीती वाटते ती तोंडं फिरवणाऱ्या माणसांची.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. रिपोर्टवर आणि बिलावर औषधाचं पूर्ण नाव, मात्रा आणि तारीख लिहा. संमतीचा कागद मराठीत आणि हिंदीत असू द्या आणि सही बाईचीच घ्या. क्रिएटिनिनच्या आकड्याबरोबर मूत्रपिंडांच्या क्षमतेचा आकडा द्या. दिवस आहेत का, हे एकांतात विचारा. महापालिका आणि सरकारी रुग्णालयांच्या खरेदीत बंद कड्याच्या औषधांनाच पसंती द्या. यातली शेवटची मागणी सोडली तर बाकीच्यांना फक्त शाई लागते.

आणि आपल्यासाठी एक काम. येत्या बैठकीला घरातली स्कॅनची पाकिटं घेऊन या. कोणाच्या कागदावर औषधाचं नाव आहे आणि कोणाच्या नाही, याची यादी करू. नाव नसेल तर त्या सेंटरला साधं पत्र लिहून मागू. पत्राचा मसुदा आम्ही तयार ठेवतो.