कलंकाचे लाभार्थी

जुन्नर तालुक्यातल्या ओतूर गावी १८८४ साली एक वाद पेटला. बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजीला न बोलावता लग्नं लावली, म्हणून गावचे जोशी कोर्टात गेले. धर्म बुडाल्याचं दुःख त्यांनी पुष्कळ सांगितलं असेल, पण दाव्यात मागितली ती दक्षिणा. विधी आम्ही केला नसला तरी हक्क आमचा, तो भरून द्या. जोतीराव फुले पाटलांच्या पाठीशी उभे राहिले. या खटल्याने या मुलखाला एक गोष्ट कायमची शिकवायला हवी होती: रूढीच्या नावाने कोणी डोळे वटारले, की आधी तिच्यामुळे कोणाचा खिसा भरतो ते पाहावं.

तीच कसोटी आज जुन्नर आणि आंबेगावला लावून पाहू. एचआयव्हीने आईबाप गेलेली आणि स्वतः तोच विषाणू अंगात घेऊन वाढणारी मुलं आपल्या गावांत आहेत. त्यांना आजी सांभाळते, कुठे मावशी, कुठे आत्या, कुठे चौदा-पंधरा वर्षांची थोरली बहीण. यांच्याशी गाव फटकून का वागतं, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: लोक अडाणी आहेत, घाबरतात, जनजागृती कमी पडते. हे उत्तर खोटं आहे, आणि ते आपल्या सोयीचं आहे.

एके काळी भीती खरी होती, हे मान्य. १९८६ साली चेन्नईत या देशातले पहिले एचआयव्हीबाधित सापडले, तेव्हा औषध नव्हतं. सरकारी भिंतींवरच कवटी आणि हाडं रंगवलेली असत. गावात धडधाकट माणूस सहा महिन्यांत वाळून काटकी होताना लोकांनी पाहिला. पण १ एप्रिल २००४ रोजी सरकारने मोफत एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी औषधं, सुरू केली, २००६ च्या अखेरीस मुलांसाठी वेगळा उपचार कार्यक्रम आला, आणि २०१७ पासून तपासणीत निदान झालं की लगेच गोळ्या सुरू करण्याचं धोरण आलं. आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका उपचाराविना शंभरात पंधरा ते पंचेचाळीस असतो. वेळेवर औषध मिळालं तर तो पाचाच्या खाली येतो. रोज नेमाने गोळी घेणारं मूल इतर मुलांसारखं शिकतं, मोठं होतं, लग्न करू शकतं. रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका दबला, की शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला लागत नाही. एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने तो तर कधीच लागत नव्हता. हे आशाताईंना माहीत आहे, मास्तरांना माहीत आहे, आठवीतल्या पोरांनाही माहीत आहे. मग भीती अजून शिल्लक कशी? कारण तिच्यावर काही जणांचं चांगलं चाललं आहे.

पहिला लाभार्थी भाऊकी. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं भरली, कालवे निघाले, आणि इथल्या कोरडवाहू रानाची बागायत झाली. पुणे-नाशिक रस्त्यालगत तर गुंठ्यावर बोली लागते. अशा घरातला एक भाऊ आजारी पडतो, जातो. मागोमाग त्याची बायको अंथरूण धरते. तेराव्याचा मंडप उतरायच्या आत वारसनोंदीची बोलणी सुरू होतात. पोराचं नाव लावायचं का, असं कोणी विचारलंच तर चुलता म्हणतो, “ते किती दिवसांचा सोबती? उगाच तलाठ्याकडे खेटे कशाला?” सून शुद्धीवर असतानाच तिच्या हक्कसोडपत्रावर अंगठा घेऊन ठेवलेला असतो. पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांत जमीन तुटपुंजी, तिथे हा घाला हिरड्याच्या झाडांवर आणि वनहक्काच्या दाव्यावर येतो. घरातलं भांडं वेगळं ठेवणारा हात आणि सातबाऱ्यावरून नाव गाळणारा हात एकच आहे. पोराला विटाळ लागतो, त्याच्या बापाच्या उसाला लागत नाही!

दुसरा लाभार्थी आपल्या प्रतिष्ठित संस्था. शाळा उघड नकार देत नाही. ‘इतर पालकांची हरकत आहे’ असं सांगते. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी २००७ मध्ये एचआयव्हीबाधित मुलांसाठी सेवालय उभं केलं. तिथली मुलं गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा २००९ साली पालकांनी आपलीच मुलं शाळेतून काढून घेतली. त्या गावाला नावं ठेवायचा हक्क आपल्याला नाही. हासेगावने उघडपणे जे केलं ते आपण दाखला अडवून, बाक मागे सारून, सहलीच्या यादीतून नाव वगळून सभ्यपणे करतो. खासगी दवाखान्यातही तेच. दुखरा दात घेऊन आलेल्या मुलाला ‘ही सोय आमच्याकडे नाही’ म्हणून पुढे पाठवायचं, म्हणजे गिऱ्हाईक तुटत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शिक्षण, उपचार, नोकरी, घर यांत असा भेदभाव करणं त्याने बेकायदा ठरवलं आहे. पण तक्रार करायची तर आजार चारचौघांत येणार, या धाकानेच ती होत नाही, आणि हे नकार देणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

तिसरा लाभार्थी दयाळू माणूस. हा १ डिसेंबरला रॅली काढतो, वाढदिवसाला वह्या-ब्लँकेटं वाटतो आणि मुलांना पुढ्यात बसवून फोटो काढतो. त्या एका फोटोने मुलाचं नाव गावभर होतं. संमतीविना असं गुपित फोडायला तोच कायदा मनाई करतो. हाच माणूस भाषणात ‘या निष्पाप लेकरांचा काय दोष’ म्हणून गहिवरतो. या एका शब्दात किती विष आहे! लेकरू निष्पाप, म्हणजे पापी कोण? बोट सरळ त्याच्या मेलेल्या आईकडे जातं. गावाकडच्या बहुतेक बायकांना हा विषाणू लग्नाच्या नवऱ्याकडून आलेला असतो. तिने त्याची शुश्रूषा केली, त्याचं औषधपाणी केलं, आणि वर ‘नवऱ्याला गिळलं’ हा शेरा पदरात घेऊन ती गेली. आईला शिव्या देऊन पोराला दिलेली दया त्या पोराने कशी गिळायची?

या सगळ्यांचं ओझं जिच्या डोक्यावर येतं ती आजी. महिन्याच्या ठरल्या दिवशी नातवाच्या औषधासाठी ती खाडा करून डोंगरातल्या वाडीतून पहिली एसटी धरते. एचआयव्हीबाधितांना एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे. पण गाडीत शेजारी गावचीच माणसं, आणि कंडक्टरपुढे तो कागद धरायचा म्हणजे अख्ख्या गाडीला सांगण्यासारखं. ती मुकाट्याने नातवाचं तिकीट काढते. एआरटी केंद्रावरून मिळालेल्या डबीचं लेबल ती घरी येण्याआधी नखाने खरवडते. गोळ्या वाजू नयेत म्हणून आत कापसाचा बोळा घालते आणि डबी ज्वारीच्या कणगीत खुपसते. रात्री आठला मोबाईल वाजला की पोराला गोळी. शेजारीण विचारते, तर “शक्तीची हाये.” पोर दहा-अकरा वर्षांचं झालं की एक दिवस ते स्वतःच विचारतं, “आजी, मला काहीच होत नाही, मग रोज गोळी कशाला?” तिच्याकडे उत्तर नसतं. ते सांगायला तिला कोणी शिकवलेलं नाही, आणि विचारायला गावात कोणी नाही. पुढे ते पोर वयात येतं, चिडतं, गोळ्या लपवून फेकू लागतं. तेव्हा ‘आजीला पोर सांभाळता आलं नाही’ असं म्हणायला गाव हजर असतं.

आजीला आपण काय देतो? ‘माउली आहे’ हे प्रशस्तिपत्र. आईपणाची थोरवी गायली की पीठ-मिठाचा हिशेब करावा लागत नाही. राज्याची बालसंगोपन योजना महिन्याला २२५० रुपये देते आणि अशी मुलं तिला पात्र आहेत. योजनेला नाव सावित्रीबाईंचं आहे. मुंढव्याच्या प्लेगग्रस्त मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात आणणाऱ्या आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी गेलेल्या बाईचं नाव. पण त्या पैशांसाठी आईबापाचे मृत्यूचे दाखले लागतात. ते आणायला गेलं की चुलता म्हणतो, कागद सापडत नाहीत. ग्रामपंचायत म्हणते, उद्या या. उद्या म्हणजे आणखी एक खाडा.

बिबट्याने गोठ्यातलं वासरू मारलं तर या दोन तालुक्यांत पंचनामा होतो, भरपाई मिळते, उशीर झाला तर गाव रस्त्यावर उतरतं. ते योग्यच आहे. पण घरातल्याच माणसांनी लेकराचं रान गिळलं, तर पंचनामा कोणी करायचा?

‘अशा मुलांसाठी संस्था आहेत ना’ असं म्हणणारे असतात. आहेत. पुण्यात विजया लवाटे यांनी १९९७ मध्ये मानव्य उभी केली. पंढरपूरला मंगलताई शहा यांची पालवी गोठ्यात टाकून दिलेल्या दोन मुलींपासून सुरू झाली. या बायकांपुढे डोकं टेकावं. पण त्यांच्याकडचं प्रत्येक अंथरूण कुठल्या तरी गावाने घातलेलं आहे. घरदार आणि नात्याची माणसं असताना पोर आश्रमात पाठवणं ही सेवा होत नाही. ती हद्दपारी आहे.

आता काय करायचं ते सांगतो. त्यात अवघड काही नाही. पहिली गोष्ट, कोणाला हा आजार आहे याची चौकशी करू नका. मदतीला नाव लागत नाही. गावातल्या प्रत्येक अनाथ मुलाची यादी ग्रामपंचायतीने करावी, आईबाप कशाने गेले हा रकानाच त्यात ठेवू नये. तलाठ्याने प्रत्येकाची वारसनोंद झाली का ते पाहावं, ग्रामसेवकाने मृत्यूचे दाखले घरपोच द्यावेत, अंगणवाडीताईंनी बालसंगोपनाचा अर्ज भरून घ्यावा. वकील मंडळींनी आजीला एवढंच समजावावं, की २०१७ च्या कायद्यानुसार बाधित मुलाच्या मालमत्तेची कागदपत्रं सुरक्षित ठेवण्यासाठी बालकल्याण समितीकडे देता येतात आणि कोणी हुसकावलं तर तिथेच तक्रार करता येते. बारा ते अठरा वयाची समजदार थोरली बहीण किंवा भाऊ धाकट्यांच्या शाळाप्रवेशासाठी, बँकेच्या खात्यासाठी, उपचारासाठी पालक म्हणून सही करू शकतात, हेही त्याच कायद्यात लिहिलं आहे. आणि ज्यांच्या घरात भावाच्या पोराचं नाव गाळलं गेलं आहे, त्यांनी या वर्षीची पालखी निघण्याआधी ते लावून घ्यावं. दुसऱ्याच्या लेकराचं रान दाबून विठ्ठलाच्या पायावर घातलेलं डोकं त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

ओतूरच्या पाटलांनी सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी धर्माच्या आडची दक्षिणा उघडी पाडली. आपल्याला रोगाच्या आडचा लोभ उघडा पाडायचा आहे. पुढच्या ग्रामसभेत हात वर करा आणि एकच प्रश्न विचारा: या गावातल्या प्रत्येक अनाथ लेकराचं नाव त्याच्या बापाच्या सातबाऱ्यावर आहे का? उत्तर ‘नाही’ आलं, तर आजारी कोण आहे ते वेगळं सांगायला नको.