मुखपृष्ठ म्हणजे कचोरीचा कागद नव्हे!

राजेहो, आज नगरपालिका नाही, कापसाचा भाव नाही. आज पुस्तकांवर लिहितो आहे आणि जरा रागानंच लिहितो आहे.

'वीरधवल' आठवते ना? नाथमाधवांची अद्भुतरम्य कादंबरी, १९१३ सालची. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक आलं १९९७ मध्ये. म्हणजे त्याच्या ८४ वर्षं आधी मराठी माणूस असली पुस्तकं जेवण विसरून वाचत होता. या कादंबरीच्या तीन प्रती मी नुकत्याच शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या.

पहिली रद्दीतून वाचलेली. पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या. पण मुखपृष्ठावर हातानं काढलेलं चित्र आणि खाली कोपऱ्यात चित्रकाराची सही.

दुसरी एका वाचनालयाची. तिला मुखपृष्ठच नाही. मरून रेक्झिनची बांधणी, पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर. शेजारी पाककृतीचं पुस्तक होतं, तेही अगदी तसंच!

तिसरी नवी कोरी. चकचकीत लॅमिनेशन, वर टोकदार मनोऱ्यांचा युरोपातला किल्ला आणि कुठून तरी उचललेला गोरापान राजपुत्र. आत चित्रकाराचं नाव नाही. मूळ प्रकाशन कोणत्या सालचं, ही आवृत्ती कितवी, मजकूर पूर्ण की संक्षिप्त, काही म्हणजे काही छापलेलं नाही.

हे बोललो की ठरलेलं उत्तर येतं, "भाऊ, अंदर मजकूर तं तोच हाय ना? कव्हरले काय चाटाचं?"

एक तर मजकूर तोच असतो याची खात्री कोण देणार? ज्या पुस्तकावर आवृत्तीचा धड उल्लेख नाही, त्याच्या आत प्रकरणं किती गाळली हे वाचकाला कळायला मार्गच नाही. मुखपृष्ठाबाबतचा निष्काळजीपणा आत मुद्रितशोधनातही दिसतो. मी ओळीवर ओळ लावून पाहिलंय.

दुसरं, मुखपृष्ठ वाचक ठरवतं. हॅरी पॉटरच्या ब्रिटिश प्रकाशकानं १९९८ मध्ये त्याच पुस्तकाची मोठ्यांसाठी वेगळी आवृत्ती काढली. मजकूर तोच, फक्त मुखपृष्ठ गंभीर. का? लहान मुलांचं चित्र असलेलं पुस्तक चारचौघांत वाचायला मोठ्यांना लाजल्यासारखं होऊ नये म्हणून. धंदा कळणारे लोक मुखपृष्ठाला इतकं मोजतात.

तिसरं, मुखपृष्ठ खोटंही बोलू शकतं. अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्वीन यांच्या 'अर्थसी' कादंबऱ्यांचा नायक तांबूस-तपकिरी कातडीचा. कित्येक मुखपृष्ठांवर त्याला गोरा करून टाकलं. बाईंनी त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिलं, भांडल्या. आपल्याकडे नाथमाधवांच्या नायकावर तेच होतं आणि कोणी हूं की चूं करत नाही. अकोटच्या पोराला नरनाळा माहीत आहे. तिथले बुरूज, कोरीव महादरवाजा, सातपुड्याचं जंगल त्यानं पाहिलंय. त्याला अद्भुत दाखवायला जर्मनीचा किल्ला कशाला लागतो?

आणि हे त्या भाषेत, जिच्याकडे दीनानाथ दलाल होते, रघुवीर मुळगावकर होते! बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा लोकांनी जितक्या लेखकासाठी उचलल्या, तितक्याच मुळगावकरांच्या चित्रांसाठी.

आता प्रकाशक म्हणतील, परवडत नाही. हिशेब करू. नाथमाधव वारले १९२८ मध्ये. त्यांच्या लेखनावरचा हक्क केव्हाच संपला, कोणीही छापावं. म्हणजे लेखकाच्या वारसांना एक रुपया द्यायचा नाही. समजा, चित्रकाराला दहा हजार दिले आणि हजार प्रती छापल्या, तर प्रतीमागे दहा रुपये पडतात. एक कचोरीही येत नाही हो त्यात! आणि नाव छापायला तर तेवढेही लागत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ चित्रकारालाही स्वतःच्या कलाकृतीचा कर्ता म्हणवून घेण्याचा हक्क देतं. तरी नाव गायब.

सगळेच तसे नाहीत, हेही सांगतो. नारायण धारपांची पुस्तकं मधे मिळता मिळत नव्हती. 'साकेत'नं ती पुन्हा छापली म्हणून आज कॉलेजची पोरं धारप वाचतात. जुनं पुस्तक नव्या रूपात आणलं तर वाचक येतो, हे डोळ्यांसमोर आहे.

राहिली वाचनालयं. बांधणी लागते, मान्य. शंभर हातांतून जाणारं पुस्तक टिकायला हवं. पण त्यासाठी मुखपृष्ठ टरकावून फेकायची काय गरज? ते कापून आतल्या पहिल्या पानावर चिकटवता येतं. पारदर्शक प्लॅस्टिक चढवता येतं. वाचनालयं १९६७ च्या कायद्याखाली सरकारी अनुदान घेतात, म्हणजे ही पुस्तकं तुमच्या-माझ्या पैशाची आहेत. नववीतली पोरगी कपाटासमोर उभी राहते, तिला शंभर मरून पाठी दिसतात, ती परत फिरते आणि मोबाइल उघडते. मग आपणच भाषणं ठोकतो, 'नवी पिढी वाचत नाही'!

म्हणून तालुक्यातल्या प्रत्येक वाचनालयाच्या संचालक मंडळाकडे माझ्या साध्या मागण्या आहेत :

१. बांधणीला देण्याआधी मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ काढून आत चिकटवा. बांधणीवाल्याला तसं लेखी द्या.

२. जुनं पुस्तक बाद करण्याआधी आवृत्ती बघा. जुनी आवृत्ती रद्दीत किलोवर जाता कामा नये.

३. खरेदी करताना कोण जास्त कमिशन देतो एवढंच पाहू नका. संपूर्ण मजकूर, आवृत्तीची नोंद आणि चित्रकाराचं नाव असलेली प्रतच घ्या.

तिन्हींना मिळून खर्च किती? डिंकाची एक बाटली.

आणि वाचकहो, तुमच्याही घरी माळ्यावर जुनी 'वीरधवल', जुने धारप असतील. दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊ नका. मुखपृष्ठाचा आणि आतल्या प्रकाशनाच्या पानाचा फोटो काढून इथे खाली टाका. चित्रकाराची सही दिसत असेल तर जवळून काढा. मराठीनं आपल्या चित्रकारांची नावं पुसली, आपण निदान अकोटपुरती तरी लिहून ठेवू.