तेंदूनंतर, पेरणीआधी : मेळघाटच्या मुलांसाठी पंधरा दिवसांचे विद्यापीठ

प्रति,
मा. कुलगुरू,
संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, अमरावती

विषय : मेळघाटातील नववी ते अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात निवासी अभ्यासवर्ग सुरू करण्याबाबत.

महोदय,

मे महिन्यात मेळघाटातली पोरे भल्या पहाटे आईवडिलांबरोबर तेंदूच्या पानांना जातात. दुपारी ओसरीवर पुडकी बांधायला बसायचे. एका पुडक्यात ७० पाने, शंभर पुडक्यांची ७,००० पाने. नववीतली मुलगी हा हिशोब तोंडी करते आणि चिरलेले पान हाताला लागताच बाजूला टाकते. तिची ही मोजणी आणि ही पारख गुणपत्रिकेत कुठेच उतरत नाही. सुटी संपते, ती पुन्हा आश्रमशाळेत जाते. विद्यापीठ नावाची जागा आतून कशी असते, हे तिला कोणी दाखवलेले नसते.

दाखवता येते, याची उदाहरणे आहेत. इस्रोने २०१९मध्ये ‘युविका’ हा कार्यक्रम सुरू केला. शाळकरी मुलांनी उन्हाळ्यात सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहायचे, शास्त्रज्ञांकडून शिकायचे आणि खर्च इस्रोने करायचा, अशी त्याची रचना. ग्रामीण शाळेतल्या मुलांना निवडीत झुकते मापही मिळते. अमेरिकेत अर्नोल्ड रॉस या गणितज्ञाने १९५७मध्ये शाळकरी मुलांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केला, तो आजही चालतो. त्याचा पाया संख्या-सिद्धांताचा आहे. कागद, पेन्सिल आणि धीर एवढ्यावर तो विषय सुरू करता येतो.

‘युविका’ची अडचण मेळघाटापुरती खरी आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक राज्यातून तीनच मुले घेतली गेली. अर्ज ऑनलाइन भरायचा, आणि इथल्या कित्येक गावांत रेंजसाठी टेकडी चढावी लागते. शिवाय वर्ग मे महिन्यात, म्हणजे ऐन तेंदूच्या हंगामात. घरातले दोन हात त्या दिवसांत मोकळे करणे बापाला परवडत नाही.

म्हणून सेमाडोह परिसरातील पालक आणि शिक्षकांची पहिली मागणी तारखेची आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. जूनच्या सुरुवातीला पाने खुडून झालेली असतात आणि पेरणीला पावसाची वाट पाहायची असते. एवढाच पंधरवडा मुलांच्या वाट्याला मोकळा येतो. अभ्यासवर्ग त्यातच बसवावा.

पहिला आठवडा अमरावतीत व्हावा. मुलांनी प्रयोगशाळेत स्वतः सूक्ष्मदर्शक हाताळावा, ग्रंथालयात पुस्तक शोधून पाहावे, प्राध्यापकाला प्रश्न विचारावा. दुसरा आठवडा मात्र सेमाडोहला. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक इथे आहे आणि गावाजवळून सिपना वाहते, ती पुढे तापीला मिळते. नदीचे पाणी तपासणे, झाडांची नोंद करणे, पाणवठ्यावरचे ठसे ओळखणे या कामांत वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना इथलीच पोरे वाट दाखवतील.

भाषेचेही तसेच. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिच्या नात्यातल्या संथाली आणि मुंडारी पार झारखंडकडे बोलल्या जातात. घरात बोलतो त्या भाषेचा असा दूरवरचा गोतावळा आहे, हे कळल्यावर वर्गात गप्प बसणारे मूल बोलू लागेल, अशी शिक्षकांची खात्री आहे. प्रत्येक तुकडीत कोरकू बोलणारा एक पदवीधर सोबती म्हणून नेमावा.

वर्गाला शुल्क नसावे. एसटीचे भाडे विद्यापीठाने द्यावे. मुलींच्या वसतिगृहात महिला अधीक्षक असावी आणि पहिल्या रात्री आईला मुलीसोबत राहू द्यावे. अनेक घरांत होकार एवढ्यावरच अडतो. निवड टक्क्यांवर करू नये. शिक्षकाने सुचवलेल्या मुलाशी अर्धा तास बोलून ती करावी.

विद्यापीठाकडे विस्तारकार्याची यंत्रणा आहे आणि परीक्षा आटोपल्यावर मोकळ्या होणाऱ्या खोल्याही असतील. ज्यांचे नाव विद्यापीठाने घेतले, त्या गाडगेबाबांनी वाटसरूंसाठी गावोगावी धर्मशाळा उभारल्या. घाट उतरून येणाऱ्या मुलांसाठी पंधरा दिवसांचा निवारा याच विद्यापीठाकडे मागावासा वाटतो.

निर्णय होळीपूर्वी कळवावा, ही विनंती. मजुरीसाठी घाटाखाली गेलेली माणसे होळीला गावी परततात. आईबाप दोघेही घरी असताना पोरीला पाठवायचे की नाही, हे तेव्हाच ठरू शकते.

आपले विश्वासू,
सेमाडोह परिसरातील पालक व शिक्षक